सर्व्हर आपला, पासवर्ड कोणाचा?

कॉटन ग्रीन हे नाव मूळचं इथलं नाही. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो हार्बर लाइनवर शिवडी आणि रे रोडच्या मध्ये, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आला आणि येताना नावही बरोबर घेऊन आला. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचं, म्हणजे आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं, कॉटन एक्स्चेंज तिथे अजून उभं आहे. कापसाच्या गाठींची जुनी वर्दळ ओसरली. गोदामं राहिली आणि गोदामांच्या आधाराने जगणारी छोटी ऑफिसं राहिली. ट्रान्सपोर्टवाले, क्लिअरिंग एजंट, दलाल, गाळा भाड्याने घेऊन माल ठेवणारे.

अशा ऑफिसात पाच-सहा कॉम्प्युटर असतात आणि त्यातल्या एकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. तो टेबलाखाली असतो, यूपीएसला जोडलेला असतो आणि ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी त्याच्यावर डकवलेली असते. आवक-जावक, बिल्टी, गोदामभाडं, ड्रायव्हरांचे लायसन्स नंबर, माथाडींची नावं, आधार क्रमांक, बँक खाती, सगळं त्याच्या पोटातल्या डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसचं एक सर्वाधिकारी खातं असतं. मायएसक्यूएलमध्ये त्याला ‘रूट’ म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’, पोस्टग्रेसमध्ये ‘पोस्टग्रेस’च. सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी या खात्याचा जो पासवर्ड होता, तोच पुष्कळ ठिकाणी आजही आहे. काही ठिकाणी पासवर्ड नाहीच.

तो बदलायला एका ओळीची आज्ञा पुरते. तरी तो बदलला जात नाही, याचं खापर सहसा वापरणाऱ्याच्या आळसावर फुटतं. मला ते पटत नाही. या कामात तीन जण असतात: सॉफ्टवेअर बनवणारा, ते ऑफिसात येऊन बसवणारा आणि रोज वापरणारा. बनवणारे गेल्या पंचवीस वर्षांत बरेच सुधारले. वापरणाऱ्याला तर असा पासवर्ड आहे हेच माहीत नसतं. गोम आहे ती मधल्या माणसात आणि त्याच्याशी झालेल्या, किंवा न झालेल्या, करारात.

कुलपाची गोष्ट इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपं बनवायला सुरुवात केली ती शेजारच्या लालबागलाच. बाजारातून आणलेल्या कुलपाबरोबर त्याचीच किल्ली येते, शेजाऱ्याच्या कुलपाची नाही. गोदामाचा धंदा तर किल्ल्यांवरच चालतो. माल बँकेकडे गहाण असेल तर दाराला बँकेचं कुलूप लागतं, आणि ते कोणासमोर उघडलं याची नोंद होते. डेटाबेसची किल्ली मात्र वर्षानुवर्षं जगभर एकच होती, आणि ती पुस्तकात छापलेली होती.

कारखान्यातून आलेला आकडा तसाच राहणं हा रोग कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. अणुबॉम्बच्या कामासाठी लॉस अलामोसला असलेल्या रिचर्ड फाइनमन यांना तिजोऱ्या उघडायचा नाद होता. महायुद्ध संपल्यावर त्यांना तिथल्या कुलूपवाल्याकडून कळलं की तिजोऱ्या कारखान्यातून २५-०-२५ किंवा ५०-२५-५० या आकड्यांवर लावून येतात. त्यांनी इमारतीत फिरून पाहिलं, तर साधारण पाचातली एक तिजोरी त्या आकड्यांवर उघडली. एका लष्करी अधिकाऱ्याने मुद्दाम मागवलेली दणकट तिजोरीही त्या कुलूपवाल्याने असाच आकडा लावून उघडली होती. तिजोरी मागवताना जो काटेकोरपणा दाखवला जातो, तो आकडा बदलताना कुठे जातो?

१९८६ मध्ये बर्कली प्रयोगशाळेतल्या क्लिफर्ड स्टोल यांना कॉम्प्युटरच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला. तो धागा धरून ते जर्मनीतल्या हॅकरपर्यंत पोचले. १९८९ साली आलेल्या त्यांच्या ‘द कुकूज एग’मध्ये वाचताना थक्क व्हायला होतं ते हॅकरच्या हुशारीने नव्हे. तो माणूस व्हॅक्स कॉम्प्युटरवर ‘सिस्टीम’ नाव आणि ‘मॅनेजर’ पासवर्ड, किंवा ‘फील्ड’ आणि ‘सर्व्हिस’, असं टाकून बघायचा आणि दार उघडायचं. लष्करी ठिकाणीसुद्धा. ‘सिस्टीम’ आणि ‘मॅनेजर’ हीच जोडी पुढे ओरॅकलच्या डेटाबेसमध्येही ठरलेली जोडी म्हणून नांदली. तिथल्या सर्वात वरच्या ‘सिस’ खात्याचा पासवर्ड तर ‘चेंज ऑन इन्स्टॉल’ असा होता, म्हणजे ‘बसवताना बदला’ ही सूचनाच पासवर्ड म्हणून दिलेली. ती वाचूनही लोकांनी तो तसाच ठेवला. ओरॅकलने अखेर २००७च्या ११जी आवृत्तीत, कोणकोणत्या खात्यांचे पासवर्ड अजून मूळचेच आहेत याची यादी दाखवण्याची सोय केली.

मायक्रोसॉफ्टची कथा जास्त झोंबणारी. एसक्यूएल सर्व्हरच्या २००० पर्यंतच्या आवृत्त्या ‘एसए’चा पासवर्ड रिकामा ठेवू द्यायच्या. त्यातच एमएसडीई नावाची फुकट, छोटी आवृत्ती इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटातून यायची. आपल्या कॉम्प्युटरवर डेटाबेस आहे हे मालकाला ठाऊकच नसायचं, मग त्याचा पासवर्ड कुठून ठाऊक असणार? मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा प्रोग्राम, १४३३ या पोर्टवर रिकाम्या पासवर्डाचे सर्व्हर शोधत फिरला आणि त्याला ते भरपूर मिळाले. त्यानंतर सूत्रं हलली. २००५च्या आवृत्तीपासून, विंडोजच्याच लॉगिनवर चालण्याची पद्धत निवडली तर ‘एसए’ बंदच ठेवलेला येऊ लागला.

मायएसक्यूएललाही शहाणपण सुचायला २०१५ उजाडावं लागलं. ५.७ आवृत्तीपासून सर्व्हर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा रूटसाठी एक आडवातिडवा पासवर्ड स्वतःच तयार करतो, तो लॉगमध्ये लिहितो आणि तो बदलल्याशिवाय पुढे काही करू देत नाही. लिनक्सवरच्या मारियाडीबीने १०.४ पासून वेगळा मार्ग धरला: रूटला पासवर्ड लागतच नाही, पण त्या कॉम्प्युटरचा खरा रूट असल्याशिवाय आत येता येत नाही. पोस्टग्रेसचं विंडोजवरचं इन्स्टॉलर आधीच पासवर्ड विचारतं. म्हणजे नवीन सर्व्हर नीट बसवला, तर मूळचा पासवर्ड हा प्रश्न जवळपास उरलेला नाही.

पण ‘नीट बसवला तर’. छोट्या ऑफिसातला सर्व्हर फार वेळा एक्झॅम्पमधून आलेला असतो. वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एका झटक्यात बसवणारं हे गाठोडं शिकणाऱ्यांसाठी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहे. खऱ्या कामाला लावू नका, असं बनवणारेच सांगतात. त्यात रूटला पासवर्ड नसतो. कॉलेजात प्रोजेक्ट करताना मुलगा हेच वापरतो, नोकरीला लागल्यावर गिऱ्हाइकाकडेही हेच बसवतो, आणि ते दहा-दहा वर्षं चालतं.

‘पण आमचा सर्व्हर लोकल आहे, बाहेर कुठे जोडलेलाच नाही,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. बघायला गेलं तर त्याच राउटरवर वायफाय आहे, वायफायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना दिलेला आहे, सीसीटीव्ही त्याच जाळ्यात आहे आणि सर्व्हरवर दुरून दुरुस्ती करण्याचं सॉफ्टवेअर कायम चालू आहे. २०१६ मधल्या ‘मिराय’ या मालवेअरने असेच कॅमेरे आणि राउटर पकडले होते, तेही कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या ओळीने टाकून बघत. कॅमेऱ्यातून आत आलेल्याला टेबलाखालचा सर्व्हर दोन हातांवर.

शिवडीहून आता अटल सेतूने खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला पोचायला फार वेळ लागत नाही. २७ जून २०१७ रोजी तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरचे ट्रक खोळंबले. कारण होतं ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर. हे प्रकरण मूळच्या पासवर्डाचं नव्हे, पण आपल्या प्रश्नाला अगदी लागून आहे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हे निघालं. विंडोजमधली एक फट तर त्याने वापरलीच, शिवाय सापडलेल्या कॉम्प्युटरच्या मेमरीतून ॲडमिनिस्ट्रेटरची लॉगिनं उचलून तीच शेजारच्या मशीनवर चालवली. सगळीकडे एकच ॲडमिन पासवर्ड असेल तर एक मशीन पडलं की सगळी पडतात. ऑफिसच्या आतलं आहे म्हणून सुरक्षित, हा समज त्या दिवशी बंदराच्या फाटकावर ट्रकांच्या रांगेत उभा होता.

त्याच वर्षी जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले. पासवर्ड न लावता इंटरनेटवर उघडे पडलेले हे सर्व्हर. आत एकच चिठ्ठी ठेवलेली असायची: अमुक इतके बिटकॉइन पाठवा. पुष्कळांच्या बाबतीत माल परत मिळण्यासारखा नव्हताच, कारण चोराने तो उचलून न ठेवता सरळ पुसला होता. फेब्रुवारीत मायएसक्यूएलची पाळी आली. रूटचा पासवर्ड अंदाजाने टाकत जायचं, शिरलं की डेटा उडवायचा आणि ०.२ बिटकॉइन मागायचे.

डेटा जाणं एवढाच धोका असता तरी एक वेळ बॅकअपवर निभावलं असतं. सर्वाधिकारी खात्याच्या हातात डेटाबेसबाहेरचंही बरंच असतं. ‘एसए’ला एक्सपी-कमांडशेल ही सोय चालू करता येते, मग डेटाबेसमधून थेट विंडोजला आज्ञा देता येतात. पोस्टग्रेसच्या सर्वाधिकाऱ्याला ९.३ आवृत्तीपासून बाहेरचा प्रोग्राम चालवता येतो. एक्झॅम्पमध्ये रूट म्हणून शिरलेला माणूस वेबसर्व्हरच्या फोल्डरमध्ये स्वतःची पीएचपी फाइल लिहू शकतो, मग ब्राउझरमधून तो मशीन चालवतो. बिलिंगचा पासवर्ड समजून जो सोडून दिला, तो अख्ख्या कॉम्प्युटरचा पासवर्ड असतो.

आता मधल्या माणसाकडे वळू. ऑफिसात तो ‘सिस्टीमवाला’. बिलिंगचं सॉफ्टवेअर तोच देतो, बसवतो, दुरुस्त करतो. सर्व्हर एका मशीनवर आणि कारकून चार मशीनवर, तर बाकीच्या मशीनवरून डेटाबेसला जोडणी लागते. मायएसक्यूएलमध्ये मूळचा रूट फक्त त्याच मशीनवरून आत येऊ शकतो, तेव्हा सिस्टीमवाला कुठूनही आत येणारा दुसरा रूट तयार करतो. त्याला पासवर्ड देतो ‘ॲडमिन@१२३’ किंवा स्वतःच्या कंपनीचं नाव आणि पुढे साल. आणि तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असतो, कारण दुरुस्तीला जाणाऱ्या मुलांना तो लक्षात ठेवायला सोपा. बनवणाऱ्या कंपनीने काढून टाकलेला सामायिक पासवर्ड असा मागच्या दाराने परत येतो. फरक इतकाच की ओरॅकलचा पासवर्ड पुस्तकात छापलेला होता, हा नोकरी सोडून गेलेल्या चार मुलांच्या डोक्यात आहे.

शेठना विचारलं तर ते म्हणतात, ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’ या उत्तराला हसू नये. महिनाअखेरीला सर्व्हर बंद पडला आणि बिलं निघाली नाहीत तर गाडी गोदामाच्या दारात उभी राहते आणि तिचं भाडं चढत जातं. हॅकर येईल ही भीती दूरची, गाडी अडेल ही आजची. ज्याला पासवर्ड बदलायला सांगायचं आहे, त्याची ही दुसरी भीती आधी घालवावी लागते. ते केल्याशिवाय दिलेला सुरक्षेचा सल्ला पोस्टरवरच राहतो.

भीती निराधारही नाही. एक्झॅम्पमध्ये रूटचा पासवर्ड बदलला की पहिल्याच मिनिटाला पीएचपीमायॲडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचा प्रोग्राम, लाल अक्षरांत एरर १०४५ दाखवतं: प्रवेश नाकारला. घाबरून लोक पासवर्ड पुन्हा रिकामा करतात. झालेलं इतकंच असतं की पीएचपीमायॲडमिनच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये जुना, म्हणजे रिकामा, पासवर्ड लिहिलेला राहिलाय. तिथे नवा लिहायचा, किंवा त्याहून बरं, दर वेळी विचारायला लावायचं. दुसरी खोच अशी की जुन्या आवृत्त्यांत रूट एक नसतो. ‘लोकलहोस्ट’चा रूट वेगळा, १२७.०.०.१चा वेगळा, कुठूनही येणारा वेगळा, आणि प्रत्येकाचा पासवर्ड स्वतंत्र. एकाचा बदलून समाधानाने घरी गेलेला माणूस बाकीची दारं सताड उघडी ठेवून गेलेला असतो. म्हणून बदलायच्या आधी खात्यांची यादी काढून बघायची आणि नको ती खाती उडवायची.

खरं काम पासवर्ड बदलण्याच्या आधीचं आहे. जुना पासवर्ड कुठे कुठे लिहिलेला आहे ते शोधायचं. बिलिंगच्या प्रत्येक मशीनवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, ओडीबीसीच्या सेटिंगमध्ये, कुणी तरी केलेल्या एक्सेलच्या रिपोर्टमध्ये. बारकोडचा स्कॅनर वेगळ्या प्रोग्रामवर चालत असेल तर तिथे. दिवसभरात सर्व्हरला कोण कोण जोडलं जातं हे डेटाबेस स्वतः सांगतो, ती यादी दोन-चार दिवस, एखादा महिनाअखेर धरून, बघितली की विसरलेले धागे सापडतात. मग बिलिंगसाठी वेगळं खातं काढायचं, त्याला फक्त आपल्या टेबलांपुरते अधिकार द्यायचे, आणि एकेक मशीन रूटवरून त्या खात्यावर हलवायचं. सगळी हलली की रूटचा पासवर्ड बदलला तरी कोणालाच कळत नाही. मायएसक्यूएलच्या ८.०.१४ पासून तर एका खात्याला काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालू ठेवता येतात. घाईत काम करणाऱ्यांसाठी ही सोय फार चांगली आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे.

या सगळ्यात जीवघेणी जागा एकच आहे, रात्रीचा बॅकअप. बॅच फाइलमध्ये रूटचा पासवर्ड लिहिलेला असतो आणि विंडोजचा शेड्यूलर ती फाइल रात्री चालवतो. पासवर्ड बदलला की बॅकअप बंद पडतो, आणि बंद पडल्याचं कोणीही सांगत नाही. वाईट म्हणजे फाइल रोज तयार होत राहते, तारीख नवी असते, फक्त आत काही नसतं. एरर १०४५ सकाळी दहा वाजता ओरडतं म्हणून ते बरं. हा बॅकअप हार्ड डिस्क जाईपर्यंत गप्प बसतो. पासवर्ड बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी फाइलचा आकार बघायचा आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. हे करायला वेळ नसेल तर पासवर्ड बदलूच नये असं म्हणण्यापर्यंत माझी मजल जाते.

‘नवा पासवर्ड विसरलो तर?’ ही शंका मात्र निकालात काढता येते. सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर तिन्ही डेटाबेसांत परतीची वाट आहे. मायएसक्यूएल परवानग्या न तपासता सुरू करता येतो, एसक्यूएल सर्व्हर एकट्याच्या मोडमध्ये सुरू करून विंडोजचा ॲडमिन आत जाऊ शकतो, पोस्टग्रेसमध्ये पीजी-एचबीए नावाच्या फाइलमध्ये थोडा वेळ ‘ट्रस्ट’ लिहिता येतं. काम झाल्यावर हे बदल मागे घ्यायचे, एवढं मात्र विसरायचं नाही. ‘ट्रस्ट’ तसंच राहिलेले सर्व्हर कमी नाहीत.

 नवा पासवर्ड दर महिन्याला बदलावा की नाही, यावर मोठा वाद होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्ये दर ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, फुटल्याची शंका आली की बदला, असं सांगून तो बऱ्यापैकी मिटवला. दर महिन्याला बदलायला लावलं की लोक शेवटचा आकडा वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. लांब पासवर्ड घ्यावा, कागदावर लिहून पाकीट बंद करून शेठच्या कपाटात ठेवावा. मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीची जितकी थट्टा होते तितकी कपाटातल्या पाकिटाची होऊ नये. गोदामाच्या धंद्याला कपाटं सांभाळता येतात.

कायद्यांनी या प्रश्नाला उशिरा हात घातला, आणि तोही मुख्यतः बनवणाऱ्याच्या बाजूने. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२०पासून इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना एकच सामायिक पासवर्ड देऊन विकायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये तशीच बंदी २९ एप्रिल २०२४पासून लागू झाली. हे कायदे कॅमेरे-राउटरसारख्या वस्तूंना लागतात, सिस्टीमवाल्याने बसवलेल्या डेटाबेसला लागत नाहीत.

आपल्याकडची वाट वेगळी, परिणामावरून पकडण्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३-अ हे कलम संवेदनशील माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला भरपाई द्यायला लावतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माथाडींचे आधार क्रमांक रिकाम्या पासवर्डामागे ठेवणं पुरेशा सुरक्षेत कसं बसवणार, हे सांगायला चांगला वकील लागेल. शिवाय या कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे शेठची. त्याच्या वतीने सिस्टीमवाला काम करत असला तरी उत्तर शेठनीच द्यायचं. पासवर्ड एकाच्या डोक्यात आणि दंड दुसऱ्याच्या माथी.

तेव्हा सुरुवात करायची तर वार्षिक दुरुस्तीच्या, त्या एएमसीच्या, कागदापासून करावी. आज त्यावर कितीदा येणार, किती तासांत येणार आणि पैसे किती, एवढंच असतं. त्यात आणखी चार ओळी लागतील. सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड या गिऱ्हाइकापुरता वेगळा असेल आणि त्याची प्रत मालकाकडे राहील. बिलिंगचं सॉफ्टवेअर रूटवर चालणार नाही. सिस्टीमवाल्याचा माणूस नोकरी सोडून गेला की आठवड्याच्या आत पासवर्ड बदलला जाईल. बॅकअप तीन महिन्यांतून एकदा मालकासमोर उघडून दाखवला जाईल. सिस्टीमवाला यासाठी जास्त पैसे मागेल, आणि ते द्यावेत, कारण काम खरंच वाढणार आहे. पासवर्ड प्रोग्रामच्या आत पक्का बसवलाय, बदलताच येत नाही, असं त्याचं उत्तर आलं, तर नूतनीकरणाच्या आधी दुसऱ्याचं कोटेशन मागवावं.